दोघींपुरतं भरीत

आमच्या जळगावच्या बाहेर टेकडीला लागून वन खात्याचं एक निसर्ग उद्यान आहे. लग्न होऊन या शहरात आले त्याला एकतीस वर्षं झाली, पण मी ते कधी आतून बघितलेलं नाही. कॉलनीतल्या बायका सकाळी तिकडे फिरायला जातात. मोर दिसला, ससा दिसला, असं सांगत येतात. मी एकदा यांना म्हटलं, आपणही जाऊ या की एखाद्या दिवशी. तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काय बघायचंय तिथं? झाडंच तर आहेत." झालं. विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

मलाही तेव्हा फार काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. घरातून पाय निघत नाही तर मोर कुठला. पण गेल्या हिवाळ्यात अक्काचा फोन आला आणि त्या उद्यानाशी माझी गाठ पडली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आठ वर्षांनी मोठी. चोपड्याच्या बाजूला एका खेड्यात तिला दिलेली. तिचे मालक जाऊन तीन वर्षं झाली, एकुलता एक मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात. आमच्या खानदेशातली अर्धी तरणी पोरं सुरतेलाच, त्यात नवल नाही. मुलाने ठरवलं की आईने आता एकटीने गावात राहायचं नाही. संक्रांत झाली की येऊन घेऊन जातो. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, वाईट कुणीच नाही. फक्त अक्काला विचारलं नव्हतं.

फोनवर ती हळू आवाजात म्हणाली, "तुन्हासंगे एक बोलनं शे. उभ्या उभ्या नही. आनि घरमा बी नही." आम्ही दोघी एकमेकींशी अजून अहिराणीच बोलतो. यांच्या घरी ती बोली गावंढळ समजतात, म्हणून मी फोन घेऊन गच्चीवर जाते.

मी म्हटलं, फोनवर सांग ना. तर म्हणाली, नाही. मुलाने फोन घेऊन दिलाय तो मोठ्या आवाजाचा आहे, बोललं की चार घरं ऐकतात. आणि घरात नको, हे तिने का म्हटलं ते मला सांगायची गरज नव्हती. आम्ही बहिणी लग्नानंतर कुठे भेटलो? कुणाच्या लग्नात, कुणाच्या दहाव्याला. तिथे काय, मांडवामागे पोळ्या लाटत बसायचं. ती लाटायची, मी भाजायचे, आणि धुरात डोळे पुसत "बरी आहेस ना?" "बरी आहे" एवढं व्हायचं. ती माझ्या घरी आली तर आणखीच मजा. मोठे दीर आणि जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात, मधल्या भिंतीला दार आहे, आणि ते दार कधी लागत नाही. पाहुणा आला की जाऊबाई आल्याच. आणि हे दिवाणखान्यात झोपाळ्यावर बसून असतात. अक्काने मला काही विचारलं तर उत्तर हे देतात. "हिची तब्येत? हिला काय झालंय, ठणठणीत आहे!"

अशी सगळी तऱ्हा. म्हणून मी तिला म्हटलं, अक्का, तू बुधवारी ये. घरी यायचंच नाही. सकाळच्या एसटीने ये, मी स्टँडवर थांबते, तिथूनच रिक्षा करू आणि निसर्ग उद्यानात जाऊन बसू. दिवसभर. झाडाखाली. कुणी येणार नाही आणि कुणी उठवणार नाही. संध्याकाळच्या गाडीने तू परत.

पलीकडे ती हसली. "आनि सयपाक कोन करी?" म्हणाली. मी म्हटलं, एक दिवस नाही केला तर मरत नाहीत.

बाई गं, काय तो उत्साह माझा! मी शेजारणीकडून सगळी माहिती काढली. सोमवारी बंद असतं, संध्याकाळी पाचला फाटक लागतं, आत कॅन्टीन नाही पण पाण्याची टाकी आहे, बांबूच्या बेटापाशी बाक आहेत ते सगळ्यात निवांत. शिवाय ती म्हणाली, "आत विस्तव पेटवू देत नाहीत हां. मागे कुणीतरी चूल मांडली होती, चौकीदाराने हाकललं." मी म्हटलं, मला कशाला हवाय विस्तव, आयुष्यभर तोच केलाय. यांना सांगायला कारणही तयार ठेवलं. बँकेत केवायसी करायची आहे, गर्दी असते, दिवस जाईल. पन्नाशी उलटलेली बाई मी, कॉलेज बुडवणाऱ्या पोरीसारखी बहाणे पाठ करत होते.

आणि मग मंगळवारी बाजारात जाऊन मी माती खाल्ली.

डब्यात काय न्यायचं, एवढाच प्रश्न होता. दशम्या आणि चटणी नेली असती तर भागलं असतं. पण बाजारात वांगी आली होती. आमच्याकडची भरिताची वांगी, हिरवी, मोठाली, देठाला काटे, हातात घेतली की जड लागत नाहीत. थंडीचे दिवस. माझ्या मनात आलं, अक्का सुरतेला जाणार, तिथे हे वांगं कुठलं मिळायला? घरीच गॅसवर भाजून भरीत करू आणि सोबत पुऱ्या नेऊ. आणि भाजीवाल्याने "किती देऊ?" म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, "दोन किलो."

दोन बायका आणि दोन किलो वांगी! बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. पण खानदेशात दोघांपुरतं भरीत कुणी करतच नाही. आमचा हातच तसा बसलेला असतो. भरीत म्हटलं की पंधरा-वीस पानं, शेत, जाळ, हसणं-खिदळणं. आमच्याकडे थंडीत कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही, भरीत पार्टीला बोलावतात. मी पाव किलो मागितलं असतं तर त्या भाजीवाल्यानेच माझ्याकडे बघितलं असतं. पण बघू दे की! काय बिघडलं असतं?

पिशवी घेऊन दारात पाऊल टाकलं तर हे झोपाळ्यावर. पिशवीतून देठ बाहेर आलेले. "अरे वा! एवढी वांगी? कोण येतंय?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. केवायसीचं मी सकाळीच बिनदिक्कत सांगून टाकलं होतं. शेजारणीची आहेत म्हटलं असतं तर कुणी पिशवी तपासणार नव्हतं. पण मी सांगून बसले. का सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. यांनी हसून विचारलं होतं, हेच त्याचं कारण. हे हसून काही विचारतात असं फार होत नाही. मला इतकं बरं वाटलं की मी सगळं ओकले. अक्का येतेय, आम्ही दोघी उद्यानात जाणार आहोत, तिला माझ्याशी बोलायचंय, भरीत नेणार आहोत.

यांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला. "भरीत पार्टी! भाऊला सांगतो," म्हणाले आणि उठलेच. भाऊ म्हणजे माझे मोठे दीर. मधल्या दारातून दोघं लगेच परत आले. दिरांना सगळ्यातलं सगळं कळतं. ते म्हणाले, "उद्यानात विस्तव चालत नाही. आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला काय चव? आपल्या मित्राचं शेत आहे ना, तिकडेच पुढे. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पडल्यात ढीगभर. तिथे करू भरीत. उद्यान रस्त्यातच आहे, येता येता बघू." मग म्हणाले, बुधवारी कुणाला सुट्टी असते? रविवार ठेवू. मग जाऊबाई आल्या. त्यांना त्यांच्या माहेरच्यांना कधीचं बोलवायचं होतं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. तासाभरात आम्ही दोघींचे एकोणीस जण झालो, आणि माझी दोन किलो वांगी कमी पडायला लागली.

मी काय म्हटलं? काही नाही. मी सगळ्यांना चहा केला. उलट, हे सांगताना लाज वाटते, पुऱ्यांना कणीक किती लागेल तो अंदाजही मीच सांगितला.

अक्काला फोन करून म्हटलं, बुधवार नाही, रविवार. ती म्हणाली, "बठ्ठा येतीन का?" मी म्हटलं, हो गं, सगळे येतील, पण उद्यानात जायचंच आहे, येताना. तिथे आपण जरा बाजूला बसू. ती म्हणाली, "चालस." अक्काचं हे "चालस" मला लहानपणापासून माहीत आहे. तिची शाळा सातवीत सोडवली तेव्हाही ती असंच म्हणाली होती.

रविवारी ती आली. नवं लुगडं नेसून, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी डाळीचे लाडू. स्टँडवरून सरळ शेतावर. मोठी गाडी केली होती. उद्यानाच्या फाटकासमोरून गेलो तेव्हा दहा वाजले होते, फाटक उघडं होतं, आत सावली दिसत होती. मी म्हटलं, आधी इथेच थांबायचं का थोडं? दीर पुढून म्हणाले, "आधी पोटोबा मग विठोबा!" गाडीभर सगळे हसले. मीही हसले. मेलं ते हसू माझं, कुठेही येतं.

शेतावर पुरुषांनी पऱ्हाट्या पेटवल्या. भरीत आपणच करतो असा आमच्याकडच्या पुरुषांना भारी अभिमान. जाळात वांगी टाकायची, काठीने उलथायची, हात कमरेवर ठेवून फोटो काढायचे. मग ती तापलेली वांगी सोलायची कुणी? बायकांनी. कांद्याची पात चिरायची, मिरच्या-लसूण ठेचायचा, पुऱ्या लाटायच्या, तळायच्या, त्याही बायकांनी. शेवटी लाकडी मुसळाने ठेचायला परत पुरुष पुढे, कारण तिथेही फोटो असतो. आणि जेवताना म्हणायचं, "आज बायकांना सुट्टी, आज आम्ही केलं!"

अक्का पाहुणी. तिने बसायला हवं होतं. पण जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "अक्का, तुमच्या खेड्याकडच्या पुऱ्यांची चव आम्हाला कुठली येणार! तुमच्या हातच्या होऊ द्या." कौतुक करून कामाला लावायची ही कला त्यांच्याकडून शिकावी. अक्काने नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि पोळपाट पुढे ओढला. मी तेल तापवलं. ती लाटत होती, मी तळत होते. मांडव नव्हता तेवढाच काय तो फरक.

जेवणं झाली. पुरुष आडवे झाले. आम्ही भांडी विहिरीवर नेली. तिथे आम्ही दोघीच होतो. मी तर म्हणते, देवाने तेवढी दहा मिनिटं दिली होती. अक्काने हात धुतले, पदराला पुसले, काठावर बसली आणि मला म्हणाली, "बस." मी बसले. ती म्हणाली, "माले तुले एक इचारनं व्हतं..." आणि तिकडून यांची हाक आली, "अगं, चहाचं बघ! सगळे उठलेत!"

मी उठले. कुणी ओढून नेलं नाही मला. "दोन मिनिटांत येते," असं अक्काला म्हटलं आणि चहा टाकायला गेले. एकोणीस जणांचा चहा दोन मिनिटांत होत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? यांना काही बोलायला तोंड नाही मला. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

चहा झाला, मग उसाचा रस निघाला, मग दिरांना कुणीतरी भेटलं. निघेपर्यंत साडेपाच. फाटकापाशी आलो तर कुलूप. चौकीदार आतून म्हणाला, उद्या सोमवार, उद्याही बंद. दिरांनी थोडा दम देऊन बघितला, ओळखी सांगून बघितल्या, पण तो माणूस बधला नाही. मला त्या चौकीदाराचा हेवा वाटला. दोन पैशाची नोकरी, पण "नाही" म्हणाला आणि त्यावर टिकला.

मग सगळ्यांनी बंद फाटकासमोर उभं राहून फोटो काढला. यांनी तो स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, निसर्गाच्या सान्निध्यात एक दिवस. त्यात अक्का अगदी कडेला आहे, खोचलेला पदर तसाच, कुणाकडे बघतेय ते कळत नाही.

चोपड्याच्या शेवटच्या गाडीला आम्ही तिला सोडलं. हे गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. सज्जन माणूस, पाहुण्याला असं टाकून जात नाहीत. मी खिडकीत हात घालून तिचा हात धरला. "काय विचारायचं होतं गं?" ती यांच्याकडे बघून म्हणाली, "काही नाही. भरीत छान झालं." यांच्यासमोर ती नेहमी शुद्ध बोलते.

संक्रांतीनंतर मुलगा येऊन तिला घेऊन गेला. घर विकलं. मी पोचवायला जाणार होते, पण त्या दिवशी जाऊबाईंकडे हळदी-कुंकू होतं. आता यावर मी काही बोलत नाही.

उन्हाळ्यात यांच्या आतेभावाच्या घरचं लग्न सुरतेला निघालं. तेव्हा एक दुपार मी भांडून मागून घेतली. म्हणजे भांडले कसली, चार वेळा विचारलं. अक्काचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. सून खरंच गुणाची. सरबत दिलं आणि स्वतःच म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघी खाली बागेत बसा. घरात पोरं बोलू द्यायची नाहीत." परक्या गावातली ही काल आलेली पोरगी, तिला जे कळलं ते आमच्या घरात एकतीस वर्षांत कुणाला कळलं नाही.

बिल्डिंगखाली छोटी बाग. चार झाडं, हिरवळ, सिमेंटचा बाक. आम्ही बसलो. अक्का वाळली होती. मी म्हटलं, इथे बरं आहे ना? ती म्हणाली, कमी काहीच नाही. पाणी आहे, लिफ्ट आहे, सगळे जीव लावतात. "फक्त कोनी वळखत नही," म्हणाली. खाली उतरली तर कुणाची आजी म्हणून ओळखतात, तिला म्हणून नाही. दिवसभर अहिराणीतला एक शब्द कानावर पडत नाही.

मी विचारलं, अक्का, त्या दिवशी विहिरीवर तू काय विचारत होतीस?

"आते काय तेन्हं," ती म्हणाली. मी सोडलं नाही. मग ती समोर बघत, कुणा तिसऱ्याचं सांगावं तशी म्हणाली, "तुन्हा घरनी वरनी खोली रिकामी शे ना. माले सुरतले येनं नव्हतं. तठे मी ऱ्हाऊ का, इतलंच इचारनं व्हतं."

माझ्या मुलाची खोली. तो पुण्याला गेल्यापासून तिथे गाद्या आणि जुना कूलर पडून आहे. अक्काचं खाणं ते किती, एका माणसाचं. पेन्शन नाही, पण तिच्या हातात कापसाचे थोडे पैसे होते, ती भार झाली नसती. मला रडूच फुटलं. रागही आला, तिचाच. मी म्हटलं, अगं मग विचारलं का नाहीस? चहा झाल्यावर विचारायचं होतं! मागाहून फोन करायचा होता! मी काय परकी होते?

अक्काने माझा हात आपल्या हातात घेतला. रागावली असती तर परवडलं असतं.

"दिनभर मी तुले दखं," ती म्हणाली. "तो एक दिन तुन्हा व्हता. त्यानासाठे बी तुन्हा तोंडमाईन 'नही' निंघनं नही. मंग मन्हासाठे तू कोनले काय सांगशी?"

असं कसं म्हणतेस, मी भांडले असते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मला माझं उत्तर माहीत होतं. विहिरीच्या काठावर तिने विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, "यांना विचारून सांगते." मग हे भावाला विचारायला गेले असते. अक्काने सरळ नकार ऐकण्यापेक्षा प्रश्नच गिळला, आणि तोही मला वाईट वाटू नये म्हणून.

मी तोंड मिटलं. खोटं बोलायचं तरी कुणापुढे, अक्कापुढे?